भुसा, गोधडी की थर्मास?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी मुंबईची, लालबागची. आज मी तुमच्याशी एका अगदी साध्या गोष्टीवर बोलणार आहे. गरम चहा गरम कसा ठेवायचा, आणि गार ताक गार कसं ठेवायचं.

विषय साधा वाटला तरी त्यात पैसा अडकलेला आहे. यात्रा आली, आठवडी बाजार आला, की कितीतरी बचत गट चहा, ताक, पन्हं, कोकम सरबत विकायला बसतात. सकाळी ताक गारेगार असतं. ऊन चढलं की ते कोमट होतं. गिऱ्हाईक एक घोट घेतं, तोंड वाकडं करतं आणि पुढच्या गाळ्यावर जातं. उरलेलं ताक संध्याकाळी ओतून द्यावं लागतं. चहाचं उलटं. तो निवतो, मग पुन्हा गरम करा, पुन्हा गॅस जाळा, आणि चौथ्यांदा उकळलेल्या चहाला चव ती काय राहणार? मग गटाच्या बैठकीत प्रश्न निघतो. मोठा थर्मास घ्यायचा का? थंड पाण्याचा जार घ्यायचा का? थर्माकोलची पेटी चालेल का? की घरातली गोधडी गुंडाळली तरी भागेल? पैसे गटाचे, म्हणजे सगळ्यांनी पै-पै करून साठवलेले. म्हणून आज एकेक वस्तू घेऊन तिची दुसरीशी तुलना करू.

पण त्याआधी एक शंका काढून टाकू या. बर्फाचं भांडं गोधडीत गुंडाळा म्हटलं, की हमखास कोणीतरी म्हणतं, “अगंबाई, गोधडीत तर ऊब येते, बर्फ लवकर नाही का वितळणार?” तर नाही. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही. थंडीत आपण पांघरतो तेव्हा ऊब आपल्या अंगाची असते, गोधडी फक्त तिची बाहेर जाण्याची वाट अडवते. तीच गोधडी बर्फावर टाकली की ती बाहेरच्या उन्हाची आत येण्याची वाट अडवते. उष्णता नेहमी जास्त गरम जागेकडून कमी गरम जागेकडे जाते. चहातून ती बाहेर पळते, ताकात ती बाहेरून शिरते. वाट एकच आहे. ती अडवणारी वस्तू दोन्ही कामांना चालते.

याचा सगळ्यात मोठा दाखला आमच्या मुंबईत घडलेला आहे. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. बर्फ बनवायची यंत्रं तेव्हा आपल्याकडे नव्हती. अमेरिकेत बोस्टन शहराजवळची तळी हिवाळ्यात गोठायची. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी त्या तळ्यांवरचा बर्फ चिऱ्यांसारखा कापून जहाजात भरायचा आणि दूरदूरच्या गरम देशांत विकायचा. १८३३ साली त्याचं जहाज बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. त्यात १८० टन बर्फ होता. चार महिने समुद्रावर, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्यात तापलेल्या पट्ट्यातून दोनदा जायचं. तरी कलकत्त्याला पोचला तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता!

त्याने बर्फ कशात बांधला असेल? लाकडाच्या भुशात. करवतीच्या कारखान्यातला टाकाऊ भुसा, जो तिथे कोणी फुकटही नेत नव्हतं. बर्फाचे चिरे एकमेकांना घट्ट लावायचे आणि चारी बाजूंनी भुशाचा जाड थर द्यायचा.

लवकरच हा बर्फ मुंबईलाही येऊ लागला. त्या काळात जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम वाढलं आणि खाणाऱ्यांना सर्दी झाली, अशी एक गमतीची गोष्ट अजून सांगतात. १८४३ साली फोर्टात, सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी, बर्फ साठवायला जाड भिंतींचं बर्फघर बांधलं गेलं. आता ते नाही. पण चेन्नईचं तसलंच बर्फघर अजून उभं आहे. स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते म्हणून आज त्याला विवेकानंदांचं नाव आहे. पुढे यंत्रावर बर्फ बनू लागला आणि अमेरिकेची जहाजं थांबली. भुसा मात्र राहिला. आजही मुंबईत बर्फाची लादी हातगाडीवर निघते ती भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून. तुमच्या तालुक्याच्या गावीही गोळेवाल्याकडे तुम्ही हेच पाहिलं असेल.

या गोष्टीत दोन धडे आहेत. पहिला भुशाचा. भुसा थंड नसतो, मग तो काम कसं करतो? भुशाच्या कणाकणांमध्ये हवा अडकलेली असते. हलणारी हवा उष्णता वाहून नेते, पण जागच्या जागी कोंडलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे सरकवते. गोधडी, घोंगडी, कापूस, पेंढा, भाताचा तूस, नारळाचा काथ्या, थर्माकोल, सगळ्यांचं काम याच एका गोष्टीवर चालतं. वस्तू वेगवेगळ्या, पण राखण करते ती आत कोंडलेली हवा.

दुसरा धडा मोठ्या ढिगाचा. पेलाभर चहा लवकर निवतो, पातेलंभर चहा उशिरा. एक भांडं दुसऱ्याच्या दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद असेल, तर त्यात माल आठपट मावतो, पण बाहेरची बाजू, जिथून उष्णता येते-जाते, ती चारपटच असते. म्हणून मोठं भरलेलं भांडं जास्त वेळ टिकतं. यात्रेत दहा लिटर ताक दहा बाटल्यांत भरून नेण्यापेक्षा एकाच मोठ्या भांड्यात न्या, आणि लागेल तसं छोट्या जगात काढा. भांड्याला खाली तोटी असेल तर फारच उत्तम, कारण झाकण सारखं उघडावं लागत नाही.

आता तुलना. कोंडलेल्या हवेतून जेवढी उष्णता निसटते, तिला एक धरू. सारख्याच जाडीचा थर घेतला, तर थर्माकोलमधून साधारण दीडपट निसटते. थर्माकोलमध्ये शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग हवाच असते, मग नवल ते काय? लोकर आणि पिंजलेला कापूस यांचंही तसंच, दीडपटीच्या आसपास. म्हणजे धनगरी घोंगडी थर्माकोलच्या मागे नाही, हे लक्षात ठेवा. भाताचा तूस, पेंढा, वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या कागदांचा थर, हे साधारण दुप्पट. लाकडाचा भुसा अडीच ते तीनपट. फ्रिजच्या भिंतीत आणि थंड पाण्याच्या चांगल्या जारमध्ये जो पिवळसर फेस भरलेला असतो, ज्याला पफ म्हणतात, तो जवळजवळ हवेच्याच बरोबरीचा.

पाणी मात्र पंचवीसपट. काच चाळीसपट. स्टीलची पातळ भिंत सहाशेपट, आणि अ‍ॅल्युमिनियम तर आठ-नऊ हजारपट! म्हणून नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या किटलीतला चहा बघता बघता निवतो आणि नुसत्या स्टीलच्या कळशीतलं ताक उन्हात तापतं. भांडं धातूचंच घ्या, ते टिकतं आणि घासून स्वच्छ होतं. फक्त त्याला बाहेरून कपडे घाला.

मघाचा पाण्याचा आकडा पुन्हा आठवा. पंचवीसपट. गोधडी ओली झाली, तूस भिजला, की हवेच्या जागी पाणी शिरतं आणि राखण जवळजवळ संपते. म्हणून बर्फघरात वितळलेलं पाणी निचरून जावं लागायचं. आपणही बर्फाचं भांडं गुंडाळताना आधी त्याच्याभोवती प्लॅस्टिकची पिशवी घालावी, म्हणजे बाहेरून आलेला दव गोधडीत मुरणार नाही. आणि थर चेपू नये. गोधडी दोरीने करकचून आवळली तर आतली हवा निघून जाते. सैल पण जाड, असं गुंडाळायचं.

तुम्ही म्हणाल, मग माठाला ओलं फडकं का लावतात? बाटलीला ओला पंचा का गुंडाळतात? चांगला प्रश्न आहे, कारण ते काम वेगळं आहे. ओल्या फडक्यातलं पाणी वाळतं, आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. माठही पाझरतो म्हणूनच गार होतो. ही थंड करायची युक्ती आहे, थंड राखायची नव्हे. तिला कोरडी हवा आणि वारा लागतो. माणदेशात, मराठवाड्यात, विदर्भात उन्हाळ्यात माठाचं पाणी कसं गोड गार लागतं! आमच्या गिरगाव-परळला समुद्राची दमट हवा, इथे माठ तेवढा गार होत नाही. कोकणातल्या मैत्रिणींनाही हाच अनुभव असेल. आणि एक. बर्फ घातलेलं भांडं ओल्या फडक्यात गुंडाळू नका. तिथे कोरडंच हवं.

थंड करायची दुसरी युक्ती गिरगाव चौपाटीच्या मटका कुल्फीत दिसते. बर्फात खडेमीठ मिसळलं की तो शून्याच्याही बराच खाली जातो. त्यात कुल्फीचे साचे रोवलेले असतात आणि मटक्याला जाड कापड गुंडाळलेलं असतं. थंडी करतो बर्फ आणि मीठ. ती राखतं कापड. दोघांची कामं वेगळी, पण एकाशिवाय दुसऱ्याचं भागत नाही.

आता माझ्या भागाकडे येते. लालबाग, परळ, हे गिरणगाव. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या. सातारा, कोल्हापूर, कोकण, घाटावरून आलेले गडी इथे एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे, आणि त्यांना जेवू घालायच्या खाणावळ चालवणाऱ्या बायका. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. तुमच्या बचत गटांची ती थोरली बहीणच म्हणा. पाळी सुटायची वेळ वेगवेगळी, जेवणारे वेगवेगळ्या वेळी येणार. दर वेळी नव्याने गरम करायचं तर तेवढं जळण वाया. जिने दिवसभर पन्नास माणसांना वाढलं आहे, तिला गरम राखण्याची किंमत काय असते हे वेगळं सांगावं लागत नाही.

अशा कामाला घरच्या घरी करता येणारी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे तुसाची पेटी. एक मोठी पाटी, पत्र्याचा डबा किंवा पुठ्ठ्याचं जाड खोकं घ्या. तळाशी चार बोटं जाड तूस किंवा बारीक पेंढा अंथरा. मध्ये झाकणाचं पातेलं घट्ट बसेल एवढी जागा ठेवा. चारी बाजूंनी चार-चार बोटं तूस भरा. तो सांडू नये म्हणून जुन्या साडीच्या पिशव्यांत भरलेला बरा. वर ठेवायला तुसाची एक जाड उशी शिवा. बहुतेक जणी बाजू छान भरतात आणि वरचं विसरतात, आणि सगळी वाफ वरूनच जाते. डोकं उघडं ठेवून अंगभर पांघरून काय उपयोग? उकळता चहा पातेलं काठोकाठ भरून, झाकण लावून, या पेटीत ठेवला तर तीन-चार तास चांगला गरम राहतो. बाहेर काढून पुन्हा पुन्हा उघडू नका. पेटी कोरडी ठेवा, उंदरांपासून जपा, दर हंगामाला तूस बदला.

मग थर्मास कशाला हवा? त्याचीही गोष्ट ऐका. १८९२ साली लंडनमध्ये जेम्स ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाने अतिथंड वायू साठवायला एक बाटली बनवली. काचेच्या दोन भिंती, आणि त्यांच्या मधली हवासुद्धा काढून टाकलेली. कोंडलेली हवा थोडी तरी उष्णता सरकवते, पण जिथे हवाच नाही तिथे सरकवणार कोण? चुलीसमोर बसलं की न शिवताही धग लागते, तशी धगही जाऊ नये म्हणून काचेला आतून आरशासारखी चकाकी दिली. म्हणजे ही बाटली आधी थंड ठेवायलाच जन्मली. १९०४ मध्ये जर्मनीत थर्मास या नावाने ती घरोघरच्या चहासाठी निघाली. आपल्याकडे पुण्याजवळच्या तळेगाव दाभाड्याला १९०८ पासून पैसा फंडाचा काच कारखाना होता, लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केलेला. ईगल थर्मासचा कारखानाही याच तळेगावचा. एके काळी लग्नात आहेर म्हणून थर्मास यायचा, आणि दवाखान्यात बाळंतिणीला भेटायला जाताना हातात थर्मास असायचा, तो बहुधा तिथलाच.

आज मुंबईत रात्री उशिरा सायकलला मोठे थर्मास लावून चहा विकणारे दिसतात. पहाटे दादरच्या फुलबाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग उतरत असतात, तिथेही थर्मासमधला चहा फिरतो. गणपतीत लालबागला रात्रभर रांगा लागतात, तेव्हाही तसंच. रस्त्यावर शेगडी पेटवायची सोय नाही, म्हणून त्यांचा सगळा धंदा त्या बाटलीवर उभा असतो.

थर्मास घेताना काय बघायचं? काचेचा असेल तर आदळला की संपला. यात्रेसाठी, शेतासाठी स्टीलचा घ्या. पण फसू नका. बाजारात दोन भिंतींच्या स्टीलच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात. एका प्रकारात भिंतींच्या मधली हवा काढलेली असते. त्यावर ‘व्हॅक्यूम’ असं लिहिलेलं असतं. दुसऱ्यात मध्ये साधी हवाच असते. त्यावर नुसतं ‘डबल वॉल’ लिहिलेलं असतं. दिसायला दोन्ही सारख्या. ओळखायची खूण सोपी आहे. आत उकळतं पाणी ओता आणि पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा. बाहेरची बाजू कोमट लागली तर मधली हवा काढलेली नाही, किंवा आत शिरली आहे. गार लागली तर माल खरा. जुना थर्मास तपासायलाही हीच खूण. दुकानदाराला गरम पाणी ओतून दाखवायला सांगायची लाज वाटू देऊ नका. पैसे आपण देतोय.

वापरायची पण रीत आहे. चहा भरायच्या आधी थर्मास उकळत्या पाण्याने विसळा, ताक भरायच्या आधी बर्फाच्या पाण्याने. नाहीतर पहिली उष्णता बाटलीच खाते. काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. मघा मी ढिगाची गोष्ट सांगितली, ती इथेही लागू आहे.

थर्माकोलबद्दल थोडं. राखण करायला तो चांगला, हलका, स्वस्त. भाऊच्या धक्क्यावर मासळी बर्फ घालून थर्माकोलच्या पेट्यांत भरतात. पण तो कुजत नाही, मोडला की त्याचे दाणे ओढ्यात, शेतात, गाईच्या पोटात जातात. २०१८ साली आपल्या सरकारने थर्माकोलचे पेले, ताटं, वाट्या आणि मखराच्या सजावटीवर बंदी घातली. तेव्हा चहा देताना थर्माकोलचे पेले नकोतच. जुनी पेटी घरात असेल तर तिला बाहेरून गोणपाट शिवा, वर्षानुवर्षं वापरा. नवीन घ्यायचीच असेल तर पफ भरलेला जार घ्या. तो घासता येतो, टिकतो, आणि त्याला तोटी असते.

पफची खरी कमाल बघायची असेल तर तुमच्या अंगणवाडीत बघा. आशाताईंच्या खांद्याला पट्टा लावलेला तो लसीचा डबा. आमच्या परळला हाफकिन संस्था आहे. डॉ. हाफकिन यांनी प्लेगच्या साथीत मुंबईतच लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, आणि १९२५ पासून तिला त्यांचं नाव आहे. पुढे याच परळमधून पोलिओच्या थेंबांची लस देशभर गेली. ते दोन थेंब वाडीवस्तीवरच्या बाळाच्या तोंडात जाईपर्यंत थंड राहिले पाहिजेत. रोजच्या लसीकरणात डब्यात २ ते ८ अंश राखावे लागतात. डब्याच्या भिंतीत पफ, आत चारी बाजूंना चार बर्फाचे पॅक, मध्ये लस, आणि वर जाड झाकण. डबा सावलीत ठेवायचा आणि गरजेपुरताच उघडायचा. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात या साध्या डब्याचाही वाटा आहे.

आपला ताकाचा जार याच रीतीने भरा. आदल्या रात्री स्वच्छ, उकळून गार केलेलं पाणी बाटल्यांत भरा. बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवा, कारण पाणी गोठलं की फुगतं. त्या फ्रिजरमध्ये गोठवा, बाहेरून स्वच्छ धुवा आणि जारमध्ये ताकातच उभ्या करा. ताक पातळ होत नाही आणि बाहेरचा बर्फ लागत नाही. हिशोब लक्षात ठेवा. चार लिटर ताक तीस अंशांवरून दहा अंशांवर आणायला साधारण किलोभर बर्फ लागतो. ताक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून नेलंत तर तोच बर्फ दुपारपर्यंत फक्त राखणीला पुरतो.

बाहेरच्या बर्फाबद्दल सावध करते. तो मासळी ठेवायला, माल गार ठेवायला बनवलेला असू शकतो, प्यायच्या पाण्याचा नसतो. २०१८ पासून महाराष्ट्रात असा न खाण्याचा बर्फ निळसर रंगाचा करणं सक्तीचं आहे. निळा बर्फ भांड्याच्या बाहेर ठेवायला चालेल, सरबतात कधीही नाही. पांढरा बर्फ दिसला तरी तो कुठल्या पाण्याचा, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. यात्रेत लेकरं सरबत पितात. त्यांच्या पोटाची जबाबदारी आपल्यावर असते.

आणि कोमट हा सगळ्यात वाईट. पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंत जंतू वाढतात. म्हणून गरम ते चांगलं वाफाळतं हवं, गार ते खरोखर गार हवं. दुधाचे पदार्थ जास्त जपायचे. दादर-गिरगावच्या उपाहारगृहांत पियूष मिळतं, श्रीखंड आणि ताकाचं. ते थेट फ्रिजमधून येतं. तुम्ही पियूष, लस्सी, मसाला दूध विकत असाल आणि ते कोमट होऊन दोन तास झाले असतील, तर विकू नका. आणि बाळाचं दूध थर्मासमध्ये कोमट करून कधीही ठेवू नका. थर्मासमध्ये उकळलेलं गरम पाणी ठेवा, दूध लागेल तेव्हा ताजं करा.

मग गटाने काय घ्यावं? आधी वस्तू ठरवू नका, आधी तास ठरवा. शेतावर चहा न्यायचा, तास-दीड तासाचं काम, तर किटलीला घोंगडीची जाड टोपी शिवली तरी पुरे. तीन-चार तासांचा बाजार असेल तर तुसाची पेटी. तिचा खर्च जवळजवळ शून्य. पाहाटेपासून संध्याकाळपर्यंतची यात्रा असेल तर चहासाठी व्हॅक्यूमचा मोठा स्टीलचा थर्मास आणि ताक-सरबतासाठी पफचा तोटीचा जार. वर्षातून एकदाच लागणार असेल तर दोन-तीन गटांनी मिळून घ्या, किंवा मंडपवाल्याकडून भाड्याने आणा. वर्षभर दर आठवड्याला बाजार करत असाल, तरच विकत घेण्यात फायदा.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. पुढच्या बैठकीत स्वतः करून बघा. थर्मामीटर नको, घड्याळ पुरे. पाच सारख्या वाट्यांत सारखं पाणी भरून बर्फ गोठवा. पाच सारख्या झाकणाच्या डब्यांत एकेक बर्फ टाका. एक डबा उघडा ठेवा, म्हणजे गुंडाळू नका. दुसरा कोरड्या गोधडीत, तिसरा तुसात, चौथा चुरगळलेल्या वर्तमानपत्रांत, आणि पाचवा ओल्या गोधडीत. थर सगळीकडे चार-चार बोटं, तळाशी आणि वरही. सगळे डबे सावलीत. तीन तासांनी उघडा आणि वितळलेलं पाणी मापून बघा. ज्या डब्यात पाणी सगळ्यात कमी, त्याची राखण सगळ्यात चांगली. कडब्याची वैरण, उसाचं पाचट, काथ्या, तुमच्या भागात जे फुकट मिळतं त्याचीही परीक्षा घ्या. आकडे गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुकानदार काहीही सांगू लागला, तर ती वही उपयोगी पडेल.

शेवटचं एक. बाई सगळ्यांना गरम चहा देते आणि स्वतःचा कप ओट्यावर निवत ठेवते. कामं आवरून प्यायला घेते तेव्हा त्यावर साय धरलेली असते. किटलीची टोपी शिवलीत की दुसऱ्या दिवसापासून तुमच्या वाट्याचा चहाही तिच्याखाली ठेवा, आणि गरम असताना बसून प्या.

ताक गार राहो, चहा गरम राहो आणि गटाची वही भरलेली राहो.